तीन नंबर पोस्टवरचं रोवण्याचं गाणं

आमची कंपनी वर चढली तेव्हा पावसाळा सरला होता. कोणता सेक्टर, कोणता नाला, ते लिहीत नाही. बरफाचा मुलूख होता, एवढं पुरे. खाली कंपनी हेडक्वार्टर, वर कड्यावर तीन पोस्ट. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. एकदा बरफ पडायला लागला की कामाशिवाय कोणी हलत नाही. वरचा माणूस वर, खालचा खाली, मधात टेलिफोनची तार, आणि अडीअडचणीला रेडिओ सेट. ती तार मी टाकली होती. मी तेव्हा नाईक होतो, कंपनीच्या एक्सचेंजवर ड्युटी. नाव माणिक पटले, राहणार तिरोडा तालुका, शिक्षण सातवी. पुढं हवालदार होऊन पेन्शनवर आलो.

हे मी आपल्या श्रोता संघासाठी लिहून राहिलो. ज्यांना संघ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी बिसेनभाऊच्या मंडप-डेकोरेशनच्या गोदामात पंचवीस-तीस माणसं जमतात. रेडिओवर फर्माईश पाठवणारी ही माणसं. गाणी ऐकतात आणि भांडतात. साऱ्या जन्मातलं एक नंबर गाणं कोणतं, यावर दोघा म्हाताऱ्यांनी वर्षभर एकमेकांच्या घरचा चहा घेतला नाही, हे मी पाहिलं आहे. संघात एक रीत आहे. मेंबर वारला की पुढच्या बैठकीत त्याच्या जिवाचं गाणं लावतात, आणि घरचं माणूस त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतं.

माझी घरवाली पार्बता या संघात होती. मी नव्हतो. या हिवाळ्यात ती गेली. तेरवी झाल्यावर बिसेनभाऊ घरी आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, काका, काकूचं कोणतं गाणं लावू? ती दरसाल वेगळं सांगे, म्हणून त्यालाही उमगत नव्हतं. संघातले तिची थट्टा करत, की काकूचं काही पक्कं नाही. ती म्हणे, पक्कं एकच हाये, पण ते तुमच्या मशिनीत नाही. मी बिसेनभाऊला म्हटलं, लिहून देतो. तो म्हणाला दोन ओळी चालतील. दोन ओळीत ते बसत नाही.

तीन नंबर पोस्टवर सहा जण होते. पोस्ट कमांडर हवालदार गावित, नंदुरबारकडचे. नाईक लहू जाधव, साताऱ्याकडचा. सिपाही दत्ता शिंदे, बीडकडचा. आणि लान्स नाईक शालिकराम राहांगडाले. हा माझा साळा, पार्बताचा पाठचा भाऊ. हे चौघं एका बंकरात. बाकी दोघं थोडे खाली, दुसऱ्या बंकरात.

साळा-भाटवे, म्हणजे मेहुणा आणि बहिणीचा नवरा, एका पलटणीत, हे लोकांना नवल वाटे. भरतीला त्याला मीच घेऊन गेलो होतो. वर जायच्या आधी आम्ही दोघं सुट्टीवर आलो, तेव्हा निघताना पार्बता मला म्हणाली, येताना त्याले संगं आनजा. एवढंच. आई तिची थकलेली, बाप नव्हता, भाऊ एक. मी हो म्हटलं. फौजेत असं हो म्हणता येत नाही, हे मला कळत होतं. तरी म्हटलं.

शालिकराम तारेवर मला जिजाजी म्हणे. लाइन टेस्टला मी हँडल फिरवलं की तिकडून, "बोला जिजाजी, बहिणीची चिठ्ठी आली का?" होता होता सारी कंपनी मला जिजाजी म्हणू लागली. एकदा आमचे कंपनी कमांडर मेजर साब, त्यांनीही फोन उचलून "जिजाजी, दो नंबर मिलाओ" म्हटलं. मी मिळवून दिलं. हसलो नाही. साबही हसले नाहीत.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, मग बरफ काढणं, रॉकेल, पाणी वितळवणं. मला तारेचं काम जास्त. तार बरफाखाली गेली की जमते, तुटते. म्हणून तिला दर दोन-चार दिवसांनी वर ओढून खुंट्यांवर टाकायची. ती कुठून कशी जाते हे मला डोळे मिटून माहीत होतं. दुपारनंतर काम संपे आणि मग माणसं बोलायची बंद होत. बरफात असंच होते. चार माणसं एका बंकरात महिना काढतात तेव्हा सांगण्यासारखं सारं सांगून झालेलं असते. कोणी घास चावताना आवाज करतो म्हणून त्याच्यावर राग येतो. सुबेदार साब मोरे, कंपनीचे सिनियर जेसीओ, जुने माणूस. त्यांनी ते ओळखलं.

त्यांनी मेजर साबची परवानगी घेतली आणि रविवारी दुपारची गाण्याची वेळ ठरवली. मी एक्सचेंजवर साऱ्या पोस्टच्या तारा एकात एक जोडायचो. मग एकानं टेलिफोनच्या चोंग्यात गायचं आणि साऱ्यांनी ऐकायचं. एका माणसाला एकच गाणं. साऱ्या जन्मातलं एक नंबर. आधी का ते सांगायचं, मग म्हणायचं. सीझनभर बदलायचं नाही. खाली उतरायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांत चांगलं कोणतं ते ठरवायचं.

आवडलं तर टाळी कशी द्यायची? तर आपापल्या टेलिफोनचं हँडल फिरवायचं. माझ्या बोर्डावर त्या त्या पोस्टची लोखंडी झडप खट्कन पडे. तारेवर नुसती घंटी वाजे, कोणाची ते गाणाऱ्याला कळत नसे. मी सांगायचो, "एक नंबर पडली, दोन नंबर पडली." आमची टाळी ती.

गाणारे पहिलवानापासून भटजीपर्यंत सारे निघाले. दत्ता शिंदेनं बाई सोडून गेल्याचं रडकं सिनेमाचं गाणं म्हटलं. बेसूर. एक नंबरवरून कोणीतरी विचारलं, तुझं तर लग्नही नाही, सोडून कोण गेली? दत्ता म्हणाला, लग्न झालं की जाईल ना, आतापासून तयारी करतो. हवालदार गावित बोलायला लाजरे. त्यांनी सांगितलं, आमच्याकडं गाणं म्हणजे पावरी, भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, तिला शब्द नसतात. आणि तोंडानंच पावरी वाजवली. पुष्कळ वेळ. दोन नंबरचा एक पंजाबी सिग्नलवाला नंतर मला म्हणाला, जिजाजी, ये क्या था, मेरे को घर दिख गया. लहू जाधव खरा गवई. बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, स्टेजवर गाणारा. त्याचं गाणं रेडिओवरचं, नावाजलेलं, आणि तो ते जसंच्या तसं म्हणे, मधल्या बाजासकट. त्या दिवशी साऱ्या झडपा पडल्या. लहूला वाटलं, झालं आपलं काम.

शालिकरामची पाळी आली तेव्हा त्यानं रोवण्याचं गाणं काढलं. आपल्याकडं धानाच्या बांधीत बाया वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात आणि म्हणतात, तसलं. पण गावोगावी निराळं असते. हे त्याच्या आईचं होतं. तिनं जोडलेलं, तिच्या गटातल्या बाया म्हणत. पार्बता आणि शालिकराम बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून ऐकत मोठे झाले. मी ते कधी ऐकलं नव्हतं. माझी सुट्टी कापणीनंतरची असे, रोवण्यात मला कधी मिळाली नाही.

त्या गाण्यात दोन कडवी म्हटली की थांबतात. हातातले पऱ्हे संपतात. मग बाई मागं सरते, पाण्यातली दुसरी पेंढी उचलते, तिचा बंध सोडते, आणि मग पुढचं कडवं. शालिकराम ते थांबणंही तसंच थांबे, जितका वेळ पेंढी सोडायला लागतो तितका. पहिल्या वेळी तो असा थांबला आणि एक नंबरवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी हँडल फिरवलं. साऱ्या तारेवर घंटी वाजली. शालिकराम भडकला.

"अजून रोवणा झाला नाही बे. बांधीत अर्धं पाणीच दिसून राहिलं."

सारे हसले. तो काही पुढं म्हणेना. म्हणे, तुटलं ते तुटलं, शेवटच्या रविवारी पूर्ण म्हणीन. लहूनं त्याला चिडवलं, अरं हे गाणं न्हाई, ही मजुरी हाय. शालिकराम म्हणाला, तुमचं गाणं बसून ऐकायचं, आमचं वाकून म्हणायचं, तुम्हाले कसं जमल. दोघं त्याच बंकरात राहत, एकाच ताटात जेवत, आणि दोन महिने यावरच भांडत राहिले. गावितांनी मला तारेवर सांगितलं, जिजाजी, तुमच्या साळ्यानं माझ्या पोस्टवर चिखल करून ठेवला.

त्या दिवसानंतर सुबेदार साबनं नियम केला. गाणारा स्वतः "झालं" म्हणेपर्यंत कोणी हँडल फिरवायचं नाही. खोकायचं नाही. बोलायचं बटण दाबायचं नाही. हा नियम सारे पाळत. फौजेत बिनकामाचे नियम जास्त मनापासून पाळतात.

एक गोष्ट सिव्हिलियनला सांगावी लागते. त्या टेलिफोनच्या चोंग्याला बटण असते. ते दाबलं तर तुमचा आवाज जातो. सोडलं तर तार चूप. आणि चूप असलेली तार आणि तुटलेली तार कानाला सारखीच लागते.

शेवटचा रविवार आला. चार दिवस बरफ पडून उघाड झाली होती. ऊन कडक. पुढच्या आठवड्यात आमची रिलीफ, बदलीची तुकडी, येणार होती, म्हणून साऱ्यांचा मूड बरा. मी तारा जोडल्या. पहिले लहू गाणार, मग शालिकराम, मग निकाल. लहूनं म्हटलं. झडपा पडल्या. मग शालिकराम बोलला.

"जिजाजी, ऐकून राहिले ना? हे बहिणीचंही गाणं आहे. सांगजा तिले, फौजेत म्हटलं म्हणून."

मी म्हटलं, "म्हण."

त्यानं पहिली दोन कडवी म्हटली. आवाज साधा. लहूसारखा नाही. पण वाकून काम करणाऱ्या माणसाचा श्वास जसा मधात तुटतो तसा तो तोडत होता, आणि मला माझी बांधी दिसली. मग तो थांबला.

आम्ही वाट पाहिली. त्याची पेंढी सोडून होऊ द्यावी म्हणून. कोणी खोकलं नाही. कोणी बटण दाबलं नाही. सुबेदार साब माझ्या बाजूला दुसरा चोंगा कानाला लावून बसले होते, डोळे मिटून. तीन पोस्ट आणि एक हेडक्वार्टर, सारी कंपनी तारेवर चूप बसून राहिली. किती वेळ, ते नंतर चौकशीत विचारलं. कोणी दोन मिनिटं म्हणालं, कोणी पाच. मला सांगता आलं नाही. वाट पाहताना कोणी घड्याळ पाहत नाही.

मग दोन नंबरचा सेंट्री धावत आत आला असावा, कारण दोन नंबरनं नियम तोडला.

"एक्सचेंज, तीन नंबर के ऊपर से धुआँ उठ रहा है. सफेद. नीचे आवाज आई क्या?"

सुबेदार साबनं डोळे उघडले. मी बटण दाबलं.

"तीन, एक्सचेंज. जवाब दो. तीन, एक्सचेंज. शालिक."

रेडिओ सेटवरही विचारलं. काही नाही. थोड्या वेळानं खालच्या बंकरातल्या दोघांनी त्यांच्या सेटवरून कळवलं. एवलांच, वरचा बरफ सुटून खाली आला. वरचा बंकर दिसत नाही. त्यांच्याकडं एकच फावडं होतं.

मेजर साबनं नकाशा पाहिला, कडा पाहिला. उतारावर अजून ऊन होतं. उन्हात बरफ सुटतो. एक सुटला की बाजूचा सुटायला वेळ लागत नाही. नाल्यातून गेलं तर लवकर पोचतो, पण उरलेला बरफ आपल्या डोक्यावर. साब म्हणाले, "नाला नहीं. पत्थर वाली धार से जाओ. देर लगेगी. मुझे और आदमी नहीं खोने."  हुकूम बरोबर होता. आजही म्हणतो बरोबर होता. सुबेदार साबनं माझ्याकडं पाहून विचारलं, "येशील का राहशील?" मी तारेचं सामान उचललं.

दहा जण निघालो. दोर, फावडी, बरफात खुपसायच्या लोखंडी सळ्या. डोंगराच्या दगडी धारेवरून चढताना वाऱ्यानं तोंड सुन्न झालं.  माझ्या मनात एकच होतं. संगं आनजा. एवढे दोन शब्द पायाबरोबर पडत होते.

पोचलो तेव्हा ऊन कड्याच्या मागं उतरलं होतं. तीन नंबरचा वरचा बंकर जिथं होता तिथं काही नव्हतं. एक सपाट, घट्ट, पांढरं वावर. ते दोघं हातानं खोदून राहिले होते, चुकीच्या जागी. त्यांचं काय चुकलं? सारी खूणच गेली होती.

सुबेदार साब म्हणाले, "तार."

मी खाली जाऊन आपली तार धरली आणि तिच्यामागं चढत गेलो. बरफातून तिला उपटत गेलो. एका जागी ती हातात आली. तुटलेली. पुढची खुंटी मोठ्या दगडाच्या रोखानं होती, मीच ठोकली होती. दगड दिसत नव्हता. अंदाजानं सळ्या टाकायला लावल्या. दुसरं टोक सापडायला वेळ गेला. सापडलं. ते ओढलं तर बरफ कापत वर येत गेलं, आणि मग अडलं. ओढूनही येईना. म्हणजे ते आत टेलिफोनला बांधलेलं होतं.

तिथं खोदलं.

पहिले लहू निघाला. बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, पाइपाजवळ पडला होता, तिथं हवा राहिली होती. जिवंत. बोलत होता, पण काय बोलतो ते समजत नव्हतं. त्याच्यामागं हवालदार गावित, आणि त्यांच्या कुशीत दत्ता. दोघांत जीव नव्हता. शालिकराम दाराजवळ होता, टेलिफोन तिथं असे म्हणून. कमरेवर छताची लाकडी बल्ली पडलेली. चोंगा हातात. अंगठा बोलायच्या बटणावर, दाबलेला. मी तो सोडवायला गेलो. सुबेदार साब म्हणाले, राहू दे, खाली नेऊन सोडवू.

मी त्याला पाठीवर घेतला. दुसऱ्यांनी मागितला, दिला नाही.

लहू दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरची वाट पाहत पडला होता तेव्हा मला म्हणाला, "जिजाजी, तुमच्या पायांचा आवाज आमाला येत होता. बोलणंबी येत होतं. आमी वरडलो. शालिक तर गातच होता. तुमाला न्हाई आलं?" नाही आलं. बरफाचं असंच आहे. वरचा आवाज खाली जातो, खालचा वर येत नाही. तो कधी गेला, विचारलं. लहू म्हणाला, तुमी यायच्या थोडंच आधी. मग मी जास्त विचारलं नाही.

चौकशी झाली. त्यात लिहिलं की तारेवर गेलेल्या मिनिटांनी काही बदललं नसतं, धारेवरून चढायलाच तितका वेळ लागणार होता. डॉक्टर साबनंही तेच सांगितलं.  पण पुढं कुठंही रविवारी तारा जोडायला मला कोणी पुन्हा सांगितलं नाही.

शालिकरामला घेऊन मी आलो. गोंदियाला गाडी बदलली नाही, फौजेचा ट्रक होता तिथून. गावात सारं गाव रस्त्यावर. पार्बता दारात उभी होती. ती रडली नाही. मला पाहिलं, ट्रकाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आनलं." मी मान हलवली. हो, आणलं.

त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. ती रोवण्याला जात राहिली. बाकीची सारी गाणी म्हणे. बाया म्हणत, पार्बता, तुझ्या मायचं म्हण. ती म्हणे, आठवत नाही. आई वारली. त्या गटातल्या बायाही एक एक गेल्या. आता रोवण्याला बाहेरून मजुरांची गाडी येते आणि धुऱ्यावर मोबाइलचा डबा वाजते. मी पेन्शनवर आलो, पोरी लग्न होऊन गेल्या, ती रेडिओ ऐकू लागली, संघात जाऊ लागली. मी तिला सायकलनं, मग गाडीनं सोडून येत असे. आत बसलो नाही. लोकांना वाटे, हवालदारला गाण्याचा शौक नाही.

या हिवाळ्यात ती गोंदियाला दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. नळी नाकात होती, हळू बोलली.

"तो कुठवर आला होता जी?"

चाळीस वर्षांनी तिनं हे विचारलं. मला काय विचारून राहिली ते मला लगेच समजलं.

"दोन कडवी झाली. मग पेंढी उचलायला थांबला. तिथं तार तुटली."

 ती म्हणाली, "पुढं एकच पेंढी राहते. त्यात नाव घेतात. बाई आपल्या भावाचं घेते. तो लहानपणी माहं घे." आणि थोडं थांबून, "म्हणजे नावापर्यंत नाही पोचला."

 मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी ती गेली.

तेरवीनंतर लहू जाधवचा फोन आला. तो दरसाल त्या तारखेला फोन करतो. आता त्याचेही पाय गेले आहेत, कराडला पोराकडं असतो. मी त्याला पार्बताचं सांगितलं. आणि पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी खाली शालिक काय गात होता.

"काय म्हंजे? तेच. तुमचं रोवण्याचं. तार गेली हे त्याला कळलंच न्हाई आधी. बल्ली पडल्यावर पुन्हा पहिल्यापासनं धरलं. गावित हवालदार म्हणाले, गप, हवा संपल. तर म्हणतो, जिजाजी ऐकून राहिले, मधात सोडलं तर पुन्हा हसतील."

"शेवटपर्यंत म्हटलं?"

"दोनदा. शब्द तुमच्याकडले, मला काय कळले न्हाईत. शेवटाला एक नाव यायचं. तेवढं कळायचं. पार्बता. ते म्हणून मग झालं म्हणाला. मी अंधारात हात हालवला, हँडल फिरवल्यासारखा."

मी फोन ठेवला. घरात कोणी नव्हतं की सांगावं.

तर बिसेनभाऊ, काकूचं गाणं हे असं आहे. ते कोणत्या मशिनीत नाही, आणि आता कोणाच्या तोंडातही नाही. मला पहिली दोन कडवी येतात, पण माझा आवाज तसा नाही आणि मी म्हणणार नाही. बैठकीत तिच्या पाळीला काही वाजवू नका. गाण्याच्या जागी तिचं नाव घ्या. शेवटच्या कडव्यातलं तेवढंच आपल्याला माहीत आहे.

आणि संघाची हरकत नसेल तर त्याच वेळी ही तीन नावंही वाचा. हे मेंबर नव्हते, पण गाण्यावर तुमच्याइतकेच भांडत होते.

हवालदार गावित. त्यांची पावरी, बिनशब्दाची.

सिपाही दत्ता शिंदे. त्याचं लग्न व्हायचं होतं, आणि तो बेसूर गात असे.

लान्स नाईक शालिकराम राहांगडाले. गाणं आईचं, रोवण्याचं. त्यानं ते पूर्ण म्हटलं होतं.